आगंतुकाची नोंदवही : सॉफ्टवेअर लायब्ररी आणि लॉगिंगचे अवलंबन

आपल्या वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला गृहपालांच्या खोलीबाहेरची ती लांबट नोंदवही आठवत असेल. कोण केव्हा बाहेर गेले, केव्हा परतले, कोणाच्या भेटीला घरचे आले, कोणाला ताप आला म्हणून दवाखान्यात नेले, हे सारे तीत दिवसवार लिहिले जाई. एरवी ती वही कोणी वाचत नसे. परंतु एखादा मुलगा रात्रीच्या पंगतीला दिसला नाही, की सर्वांत आधी तीच उघडली जाई. संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रणालीलाही अशी एक वही असते. तिला लॉग म्हणतात आणि ती लिहिण्याच्या क्रियेला लॉगिंग. प्रणाली सुरळीत चालू असते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते; काही बिघडले की तिच्याविना पान हलत नाही.

या वहीविषयी, आणि तिच्या बाबतीत आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी, या स्मरणिकेत लिहावे असे आम्ही तिघा माजी विद्यार्थ्यांनी ठरवले, त्याला कारण आहे. ती चूक ज्या कामात घडली, त्याचा उगम आपल्याच शाळेच्या जुन्या स्मरणिकांत आहे. शिवाय आपले अनेक विद्यार्थी आज सॉफ्टवेअर लिहिण्याच्या व्यवसायात आहेत आणि त्यांतील काही स्वतःच्या लायब्ररी प्रसिद्धही करतात. आम्हाला जे उशिरा कळले, ते त्यांना वेळेत कळावे. ज्या पालकांचा या व्यवसायाशी संबंध नाही, त्यांनाही विषय समजावा असा प्रयत्न केला आहे. मधला एखादा परिच्छेद जड वाटला तर तो ओलांडून पुढे जावे, धागा तुटणार नाही.

लायब्ररी हा शब्द येथे ग्रंथालय या अर्थाने आलेला नाही. एखादे काम करणारा प्रणालीचा तुकडा एकदा नीट लिहून ठेवायचा आणि तो इतरांनी आपापल्या प्रणालीत बसवून वापरायचा, अशा तुकड्याला लायब्ररी म्हणतात. ती स्वतःहून चालत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी प्रणालीत, म्हणजे अॅप्लिकेशनमध्ये, ती पाहुण्यासारखी राहते. जावा या भाषेत लिहिलेल्या लायब्ररी मेव्हन सेंट्रल नावाच्या सार्वजनिक कोठारात ठेवल्या जातात. तेथे ठेवणे म्हणजेच ती प्रसिद्ध करणे. ठेवताना लायब्ररीचे नाव व आवृत्ती द्यावी लागते आणि तिला चालण्यासाठी आणखी कोणकोणत्या लायब्ररी लागतात, त्यांची यादीही जोडावी लागते. या यादीतील प्रत्येक नोंद म्हणजे एक डिपेन्डन्सी, एक अवलंबन. कोणी आमची लायब्ररी मागवली, की तिची अवलंबने, त्या अवलंबनांची अवलंबने, अशी सारी साखळी न मागता त्याच्याकडे येते. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या वाचकाला साखळी म्हटले की काही आठवेल. पण त्या गहन सिद्धान्ताशी आमच्या या व्यावहारिक अडचणीची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आता आमची चूक. शाळेच्या जुन्या स्मरणिकांचा काही भाग संगणकावर जुळवलेला होता, परंतु युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये. त्या फाँटमधील मजकूर आजच्या संगणकावर उघडला की निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. तो मजकूर वाचनीय देवनागरीत आणणारी एक छोटी लायब्ररी आम्ही जावामध्ये लिहिली. काम बरे झाले, म्हणून ती इतरांनाही उपयोगी पडावी या हेतूने प्रसिद्ध केली. दुसऱ्या एका संस्थेने ती आपल्या वसतिगृह-प्रवेशाच्या प्रणालीत बसवली. त्यांच्याकडेही जुन्या फाँटमधील विद्यार्थ्यांच्या याद्या होत्या.

प्रवेश-अर्जांची मुदत संपण्यास दोन दिवस उरले असताना ती प्रणाली बंद पडली. संगणकाची डिस्क काठोकाठ भरली होती. भरली होती ती आमच्या लायब्ररीने लिहिलेल्या एका लॉग फाइलने. प्रत्येक ओळ रूपांतरापूर्वी कशी होती आणि नंतर कशी झाली, हे आम्ही चाचणीच्या सोयीसाठी लिहून ठेवत होतो. तेच लेखन तेथे अखंड चालू राहिले होते. त्याहून विचित्र गोष्ट अशी, की संस्थेच्या प्रणालीची स्वतःची लॉग फाइल आमची लायब्ररी बसवली त्या दिवसापासून रिकामी होती. त्यामुळे बिघाड शोधायला उघडावी अशी वहीच त्यांच्याकडे उरली नव्हती.

डिस्क रिकामी करून प्रणाली पुन्हा सुरू होण्यास एक दिवस लागला. पण आम्हाला खरी लाज वाटली ती त्या फाइलमधला मजकूर पाहून. त्यात मुलांची नावे होती, वडिलांचे व्यवसाय होते, जातीच्या दाखल्यांचे क्रमांक होते, वार्षिक उत्पन्नाचे आकडे होते. ज्या फोल्डरमध्ये ती फाइल होती, त्याची रोज रात्री दुसऱ्या संगणकावर नक्कल होत असे आणि तो संगणक अनेकांच्या हाताखालचा होता. आपल्या समाजातील मुलाच्या दाखल्याचा कागद कोणाच्या हाती पडतो आणि त्याचा उपयोग कशासाठी होतो, याविषयी आपण किती सावध असतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. संस्थेने तो मजकूर कुलूपबंद ठेवला होता. आम्ही त्याची एक प्रत उघड्यावर मांडली, आणि तीही कोणाला न सांगता.

हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. नोंदी लिहिण्यासाठी आम्ही लॉगबॅक ही प्रसिद्ध लायब्ररी वापरली होती आणि तिला आमच्या यादीत साध्या अवलंबनाचे स्थान दिले होते. म्हणजे जो आमची लायब्ररी घेईल, त्याला लॉगबॅकही घ्यावेच लागे. दुसरी आणि मोठी चूक अशी, की लॉगबॅकला सूचना देणारी फाइल, म्हणजे नोंदी कोणत्या पातळीच्या असाव्यात व कोठे लिहाव्यात हे सांगणारी फाइल, आम्ही लायब्ररीच्या जार फाइलमध्येच बांधून पाठवली होती. लॉगबॅक सुरू होताना प्रणालीतील सर्व जार फाइलींच्या यादीत ठराविक नावाची सूचना-फाइल शोधते. त्या नावाच्या दोन फाइली सापडल्या तर ती तशी एक ओळ लिहून इशारा देते आणि पहिली सापडलेली स्वीकारते. त्या संस्थेच्या प्रणालीत यादीत आमची जार आधी होती. यजमानाच्या सूचना बाजूला पडल्या आणि पाहुण्याच्या सूचनेनुसार सारे घर चालू लागले. इशाऱ्याची ओळ पडद्यावरून केव्हाच निघून गेली होती.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वत्तक्खंधक नावाचे प्रकरण आहे. आगंतुक भिक्खूने विहारात येताना कसे वागावे, याचे फार बारकाईने केलेले वर्णन त्यात आढळते. त्याने पादत्राणे काढावीत, छत्री मिटावी. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरायचे कोणते, निवासाची जागा कोणती, भिक्षेसाठी कोठे जावे, येण्याजाण्याच्या वेळांविषयी तेथील संघाचा ठराव काय, हे त्याने आवासिक भिक्खूंना विचारावे. त्याच प्रकरणात आवासिकांनी आगंतुकाशी कसे वागावे, हेही सांगितले आहे. शाळेत असताना हे वत्त म्हणजे निव्वळ शिष्टाचार वाटत असे. ही घटना घडल्यानंतर आमच्यापैकी एकाने ते पुन्हा वाचले, तेव्हा लायब्ररीच्या लेखकासाठी याहून नेमकी नियमावली सापडणार नाही असे त्याचे मत झाले, आणि आम्हा इतर दोघांनाही ते पटले. लायब्ररी आगंतुक आहे, अॅप्लिकेशन आवासिक. नोंद करण्याजोगे काही घडले तर आगंतुकाने ते सांगावे. ते कोणत्या वहीत लिहायचे, किती बारीक लिहायचे, किती दिवस ठेवायचे, की लिहायचेच नाही, हे आवासिकाने ठरवावे.

जावाच्या जगाला हे शहाणपण सहज आलेले नाही. तेथे लॉग४जे ही लायब्ररी आधीपासून लोकप्रिय होती. २००२ साली जावाच्या १.४ या आवृत्तीबरोबर भाषेतच एक लॉगिंगची सोय आली. मग काही लायब्ररी एकीने नोंदी लिहीत, काही दुसरीने, आणि दोन्ही प्रकारच्या लायब्ररी वापरणाऱ्या बिचाऱ्या अॅप्लिकेशनला दोन वह्या सांभाळाव्या लागत. यावर उपाय म्हणून कॉमन्स लॉगिंग नावाचा मध्यस्थ आला. घरात कोणती वही आहे, हे तो प्रणाली चालू असताना स्वतः हुडकून काढी. कल्पना चांगली होती, परंतु मोठ्या सर्व्हरवर, जेथे एकाच छताखाली अनेक अॅप्लिकेशने राहतात, तेथे हा हुडकण्याचा खटाटोप वारंवार चुकत असे. लॉग४जेचे मूळ कर्ते चेकी गुल्चू यांनी पुढे २००५ च्या सुमारास एसएलएफ४जे ही वेगळी मांडणी पुढे आणली. लॉगबॅकही त्यांचीच.

एसएलएफ४जेचे दोन भाग पडतात. पहिला भाग केवळ बोलण्याची पद्धत ठरवतो : नोंद सांगायची ती कोणत्या शब्दांत, तिची गंभीरता कशी दर्शवायची. त्याला एपीआय म्हणतात. तो आकाराने अगदी लहान आहे आणि स्वतः एक अक्षरही कोठे लिहीत नाही. दुसरा भाग प्रत्यक्ष लिहिणारा. तो लॉगबॅक असेल, लॉग४जे असेल, जावाची अंगची सोय असेल, किंवा काहीही न लिहिणारा असेल. लायब्ररीने फक्त पहिल्या भागावर अवलंबून राहावे आणि दुसऱ्याची निवड अॅप्लिकेशनने करावी, असे एसएलएफ४जेच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे. आम्ही ती मार्गदर्शिका वाचली होती. पण लिहिणारा नसेल तर एसएलएफ४जे सुरुवातीला एक इशारा छापते आणि पुढील साऱ्या नोंदी निमूटपणे टाकून देते. आमची लायब्ररी वापरणाऱ्याला तो इशारा दिसू नये, त्याला सारे तयार मिळावे, म्हणून आम्ही लॉगबॅक सोबत पाठवले. अतिथ्य करायचे ते यजमानाने. येथे पाहुणाच ते करू गेला.

लिहिणारा भाग सोबत पाठवण्यात वरवर पाहता मोठा तोटा दिसत नाही. नको असेल तर यजमानाने तो वगळावा, मेव्हनमध्ये तशी सोय आहेच, असा युक्तिवाद आम्हीही केला होता. त्याचे उत्तर डिसेंबर २०२१ मध्ये साऱ्या जगाला मिळाले. तो प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण वृत्तपत्रांत त्याच्याविषयी जे आले, त्यात लायब्ररी लिहिणाऱ्यांच्या जबाबदारीचा भाग जवळजवळ नव्हता.

लॉग४जेच्या दुसऱ्या पिढीत २०१३ साली एक सोय घालण्यात आली होती. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खुणेने एखादा पत्ता लिहिलेला असेल, तर लॉग४जे त्या पत्त्यावर जाऊन तेथून माहिती आणी. ही खूण प्रणालीच्या लेखकानेच लिहावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नोंदीत बाहेरच्या माणसाने दिलेला मजकूरही येतो : अर्जात भरलेले नाव, शोधलेला शब्द, ब्राउझरने कळवलेली स्वतःची ओळख. त्यात कोणी ती खूण लिहिली, तर लॉग४जे त्या माणसाच्या सर्व्हरवर जाई आणि तेथून आलेला प्रणालीचा तुकडा यजमानाच्या संगणकावर चालवला जाण्याची वाट मोकळी होई. कुलूप तोडण्याची गरजच नाही; पहारेकऱ्याच्या वहीत आपले नाव म्हणून योग्य तो मजकूर लिहायचा, एवढेच. माइनक्राफ्ट हा मुलांचा आवडता खेळ. त्याच्या सर्व्हरवर गप्पांच्या चौकटीत एक ओळ टाकून हे साधता येत होते. अलीबाबाच्या क्लाउड-सुरक्षा गटाने नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस हा दोष लॉग४जेच्या सांभाळकर्त्यांना कळवला. डिसेंबरच्या ९ तारखेपासून तो जगजाहीर झाला आणि तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले. लॉग४जे सांभाळणारे बहुतांशी स्वयंसेवक. त्यांनी रात्रंदिवस खपून त्याच महिन्यात एकामागून एक दुरुस्त आवृत्त्या काढल्या, आणि कारण नसताना शिव्याही खाल्ल्या.

दुरुस्त आवृत्ती आली म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, कारण आपल्या घरात लॉग४जे आहे की नाही, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते कधी मागवलेच नव्हते. ते कोणत्या तरी पाहुण्याच्या सोबत्याच्या सोबत्याबरोबर आले होते. गूगलच्या अभ्यासकांनी त्याच महिन्यात मेव्हन सेंट्रलची पाहणी केली, तेव्हा बाधित पॅकेजांपैकी ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी हा दोष साखळीत एकाहून अधिक पातळ्या खाली दडलेला आढळला. बहुसंख्य पॅकेजांत तर तो पाच पातळ्या खाली होता. मधल्या प्रत्येक लायब्ररीच्या लेखकाने आपली यादी सुधारून नवी आवृत्ती काढावी, तेव्हा कोठे दुरुस्ती तळापासून वर पोहोचणार. काहींनी तर लॉग४जे आपल्या जारच्या पोटातच मिसळून टाकले होते. तेथे ते यादीतही दिसत नव्हते आणि वगळताही येत नव्हते. ज्यांना नको त्यांनी वगळावे, हा आमचा युक्तिवाद या ठिकाणी कोसळतो. जे आहे हेच माहीत नाही, ते वगळणार कसे?

याच पाहणीतील आणखी एक तपशील आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. लॉग४जेच्या दुसऱ्या पिढीचेही दोन भाग आहेत, बोलण्याची पद्धत ठरवणारा एपीआय आणि प्रत्यक्ष लिहिणारा कोअर. आरंभी दोन्ही भाग सदोष समजून मोजणी झाली, तेव्हा बाधित पॅकेजांची संख्या ३५,००० हून अधिक, म्हणजे साऱ्या कोठाराच्या ८ टक्क्यांहून जास्त भरली. दोष फक्त कोअरमध्ये आहे हे स्पष्ट झाल्यावर पुन्हा मोजले, तेव्हा ती संख्या १७,००० च्या वर, सुमारे ४ टक्के इतकी राहिली. ज्या लायब्ररींनी केवळ एपीआयवर थांबण्याचा संयम दाखवला होता, त्यांना त्या महिन्यात स्वतःची नवी आवृत्ती काढावी लागली नाही.

आमची लायब्ररी तोवर सुधारलेली होती. त्या दिवसांत दोन ठिकाणांहून विचारणा झाली, की तुमच्यात लॉग४जे आहे काय. आमच्यात लिहिणारा कोणताच भाग नाही, तुमच्या प्रणालीत तुम्ही जो निवडला असेल तोच तपासा, असे एका ओळीचे उत्तर आम्ही देऊ शकलो.

सुधारणा नेमकी काय केली, ते आता या व्यवसायातील वाचकांसाठी सांगतो. एसएलएफ४जेचा एपीआय आमच्या यादीत साध्या अवलंबनाच्या रूपात ठेवला. लॉगबॅक काढून टाकले नाही, ते मेव्हनच्या टेस्ट या मर्यादेत नेले. या मर्यादेतील अवलंबन आमच्या चाचण्यांपुरते वापरले जाते आणि वापरकर्त्याकडे जात नाही. सूचना-फाइलही चाचण्यांच्या फोल्डरमध्ये, चाचणीसाठी राखलेल्या नावाने ठेवली. त्या फोल्डरमधील काहीही जारमध्ये बांधले जात नाही. तरीही प्रत्येक आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी आम्ही दोन गोष्टी डोळ्यांनी पाहतो. तयार जार उघडून आत कोणतीही लॉगिंगची सूचना-फाइल राहिलेली नाही, हे पाहतो; आणि मेव्हनकडून अवलंबनांचा वृक्ष छापून घेऊन लिहिणारा कोणताही भाग आडमार्गाने आलेला नाही, हे पाहतो. आडमार्गाने तो येतोच. आम्ही वापरत असलेल्या दुसऱ्याच एका लायब्ररीच्या लेखकाने आमच्यासारखीच चूक केलेली होती, हे आम्हाला अशा तपासणीतच कळले. ते अवलंबन आम्ही आमच्या पातळीवर वगळले आणि त्या लेखकाला तसे कळवले.

आवृत्तीच्या बाबतीत एक खाचखळगा आहे, त्यावर थोडे थांबावे लागेल. एसएलएफ४जेच्या १.७ या जुन्या मालिकेत लिहिणाऱ्या भागाला शोधण्याची रीत एक होती, २.० मध्ये ती बदलली. नोंद सांगणाऱ्यासाठी दोन्ही मालिका सारख्याच आहेत, त्यामुळे १.७ वर लिहिलेली लायब्ररी २.० बरोबरही चालते. परंतु २.० चा एपीआय जुन्या रीतीच्या लिहिणाऱ्याला, उदाहरणार्थ लॉगबॅक १.२ ला, ओळखत नाही. लायब्ररीच्या लेखकाने उत्साहाने एपीआयची आवृत्ती वाढवली आणि ती साखळीतून यजमानाकडे पोहोचली, तर यजमानाचे जुने लॉगबॅक जागच्या जागी राहूनही मुके होते. आम्ही म्हणूनच जुन्या मालिकेवर राहिलो. २.० मधल्या नव्या सोयींची आम्हाला गरज नव्हती, आणि आपल्याला गरज नसलेल्या गोष्टीसाठी दुसऱ्याच्या घरात बदल घडवणे हा अविचार आहे. डॉटनेटच्या जगात २०११ साली अशीच एक घटना घडली. लॉग४नेटची १.२.११ ही आवृत्ती नव्या स्वाक्षरी-किल्लीने आली. त्यानंतर जुन्या किल्लीच्या आवृत्तीशी बांधलेली एक लायब्ररी आणि नव्या किल्लीशी बांधलेली दुसरी, या दोघी एकाच प्रणालीत नांदवणे मोठे जिकिरीचे झाले.

पुलांविषयी दोन शब्द. जुन्या लॉग४जेशी किंवा कॉमन्स लॉगिंगशी बोलणाऱ्या लायब्ररींच्या नोंदी एसएलएफ४जेकडे वळवणारे पूल उपलब्ध आहेत. ते उपयुक्त आहेत, पण ते बसवणे हे अॅप्लिकेशनचे काम आहे. लायब्ररीने ते सोबत नेऊ नयेत. कारण घरात आधीच उलट दिशेचा जोड असला, म्हणजे एसएलएफ४जेकडून लॉग४जेकडे नेणारा, तर पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा पहिल्याकडे, आणि नोंद दोघांमध्ये फिरत राहून अखेरीस प्रणालीच कोसळते. सरकारी कचेरीत दोन टेबलांच्या मध्ये फिरलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पायथन भाषेत काम करणाऱ्यांची अडचण यापेक्षा कमी आहे. तेथे विनय साजिप यांनी घडवलेली लॉगिंगची सोय २००३ पासून, २.३ या आवृत्तीपासून, भाषेतच आहे. त्यामुळे बाहेरचे अवलंबन लागतच नाही. पण शिष्टाचार तोच. लायब्ररीने आपल्या स्वतःच्या नावाच्या लॉगरकडेच नोंदी सांगाव्यात, मुळाच्या लॉगरला हात लावू नये आणि नलहँडलर या काहीही न लिहिणाऱ्या हँडलरखेरीज दुसरा हँडलर जोडू नये, असे पायथनच्या अधिकृत मार्गदर्शनात सांगितले आहे. जावातही एखाद्या अगदी लहान लायब्ररीला एसएलएफ४जेसुद्धा नको वाटले, तर २०१७ च्या जावा ९ पासून भाषेतच सिस्टिम.लॉगर हा पर्याय आहे. आणि कित्येक लायब्ररींना लॉग लागतच नाही. चूक झाली तर ती हाक मारणाऱ्याला एक्सेप्शनच्या रूपाने परत कळवली, की काम झाले. चूक कळवायची आणि वर तीच लॉगमध्येही लिहायची, ही सवय मात्र सोडावी. त्याने एकाच घटनेच्या चार नोंदी होतात आणि शोधणारा गोंधळतो.

अवलंबन सुधारले तरी नोंदीत काय लिहायचे, हा प्रश्न उरतोच, आणि आमच्या दृष्टीने तोच अधिक गंभीर होता. पातळी यजमान ठरवतो हे खरे, पण बिघाड शोधताना कोणताही यजमान सर्वांत खालची, डीबगची पातळी उघडतो. तेव्हा जे बाहेर पडायला नको, ते डीबगमध्येही सांगायचे नाही, असा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला. रूपांतर होणारा मजकूर आता कोणत्याही पातळीच्या नोंदीत येत नाही. ओळीचा क्रमांक, अक्षरांची संख्या आणि न ओळखलेल्या अक्षराचा संकेतांक एवढेच सांगितले जाते. यामुळे आमचे काम अवघड झाले, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी कोणी तक्रार केली की लॉग मागवून घेत असू आणि कोणता शब्द बिघडला, ते लगेच दिसे. आता तो शब्द तक्रार करणाऱ्याकडून विचारून घ्यावा लागतो, आणि तो देणे वा न देणे त्याच्या हाती राहते.

त्या संस्थेत जाऊन आम्ही झाला प्रकार सांगितला, दोन्ही संगणकांवरील त्या फाइली त्यांच्यासमोर पुसल्या आणि सदोष आवृत्ती कोणी नव्याने घेऊ नये अशी सूचना लायब्ररीच्या माहितीत लिहिली. मेव्हन सेंट्रलवर एकदा प्रसिद्ध केलेली आवृत्ती मागे घेता येत नाही, त्यामुळे ती तेथे आहे आणि राहील. या अंकासाठी शाळेच्या जुन्या स्मरणिकांमधील मजकूर त्याच लायब्ररीच्या आजच्या आवृत्तीने युनिकोडमध्ये आणला आहे. त्या कामाच्या नोंदी कार्यालयाने स्वतः ठरवलेल्या फाइलमध्ये, कार्यालयाने ठरवलेल्या पातळीवर लिहिल्या गेल्या. त्यांत पृष्ठांचे क्रमांक आहेत, न ओळखलेल्या अक्षरांची संख्या आहे, आणि एकाही विद्यार्थ्याचे नाव नाही.